गोठवणीचा फाल्गुन

रसवंतीवाल्यांची बाकडी फुटपाथवर आली, घुंगरांचा आवाज सुरू झाला आणि सकाळी अंगावर घेतलेली शाल दुपारी नकोशी झाली, की पुण्यात सगळे म्हणतात, आला उन्हाळा. माझ्या मनात त्याच वेळी दुसरा शब्द येतो : गोठवण. बाहेर तापायला लागतं आणि आमच्याकडे गोठायला लागतं.

आमच्याकडे म्हणजे त्या लोकांकडे, जे जगभर विखुरलेले आहेत, बहुतेक एकमेकांना कधी भेटलेलेही नाहीत, आणि तरी सगळे मिळून एक संगणकप्रणाली बांधतात. कुणीही घ्यावी, कुणीही उघडून बघावी, वाटलं तर बदलावी. काही वर्षांनी एकदा हजारो प्रोग्रामांचा मिळून एक संच बाहेर पडतो. त्याआधी काही महिने दार लावून घेतात. आता नवीन काही आत येणार नाही; आत आहे तेवढंच तपासायचं, डागडुजी करायची. तीच गोठवण. जे दाराबाहेर राहिलं ते पुढच्या खेपेपर्यंत बाहेरच. पोटापाण्याची नोकरी मी दुसरीकडे करते. हे काम त्यानंतर उरलेल्या वेळातलं, आणि खरं सांगायचं तर उरलेल्या जिवातलं.

यंदा गोठवण पुन्हा आली आणि मागच्या खेपेचा तो फाल्गुन अंगावर आला. नारायण पेठेतून जाताना छापखान्यातून कापलेल्या कागदाचा कोरडा वास येतो. लग्नपत्रिकांचे गठ्ठे दुकानांच्या पायऱ्यांवर रचलेले असतात. मी सवयीने एका गल्लीत वळते आणि मग थांबते. तिथे दुसऱ्या मजल्यावर माधुरीताई राहायच्या.

माधुरीताई हे माझ्या शिक्षणातलं असं नाव आहे, जे माझ्या एकाही गुणपत्रिकेवर नाही.

मी दारव्ह्याची. बाबा जिनिंगमध्ये कामाला, माय शेतमजुरीला. आमच्या घरात पदवी घेतलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. पुण्याला इंजिनिअरिंगला आले तेव्हा खडकीत एका खोलीत आम्ही तिघी राहायचो. कारखान्याच्या भोंग्यावर उठायचो. कॉलेजात प्रकल्पाचा अहवाल मी हट्टाने मराठीत टाइप केला आणि छापायला गेले तर ओळी भलत्याच ठिकाणी तुटत होत्या. जोडाक्षर मधूनच फुटायचं, एखादी वेलांटी आपल्या अक्षराला सोडून एकटीच खालच्या ओळीत जाऊन बसायची. शोधता शोधता कळलं, की ओळ कुठे तोडायची हे ठरवणारा एक वेगळाच भाग असतो, त्याचं नावच 'ओळ' आहे, आणि तो पुण्यातल्याच एका बाईंनी लिहिलेला आहे. मी शब्दकोश शेजारी ठेवून त्यांना इंग्रजीत लांबलचक मेल लिहिली. तासाभरात उत्तर आलं : 'इंग्रजी छान आहे, पण काय बिघडलंय ते कळलं नाही. मराठीत लिहा. मला येतं.'

पहिल्यांदा घरी गेले तेव्हा मी त्यांना मॅडम म्हणाले.

"मॅडम कशाला? मी तुझ्या जर्नलवर सही करणार आहे का?"

"मग काय म्हणू?"

"माधुरी म्हण."

ते काही जमेना. मग ताईवर मिटलं. आतून त्यांचे यजमान विनायकराव म्हणाले, "मला काका म्हटलंस तरी चालेल. मला सह्यांचीही सवय नाही."

ओळ म्हणजे काय, हे मी मायला एकदा सांगत होते. आमच्या वस्तीत विहाराची भांडी होती. मोठी पातेली, कढया, झारे, पंगतीत पाणी वाढायचे जग. लग्न असो, बारसं असो, कुणाचा जलदानविधी असो, प्रत्येक घर तीच भांडी न्यायचं. प्रत्येकाने आपापलं मोठं पातेलं घ्यावं, अशी ऐपत कुणाचीच नव्हती आणि गरजही नव्हती. संगणकातही असंच असतं. ओळ तोडायचं काम शंभर प्रोग्रामांना लागतं. प्रत्येकाने ते स्वतः लिहायचं नाही. एकदाच नीट लिहून मधे ठेवायचं आणि सगळ्यांनी तिथून वापरायचं. अशा मधल्या, सगळ्यांच्या भागाला आम्ही सामायिक लायब्ररी म्हणतो. माय म्हणाली, "म्हंजे त्या ताईनं पातेलं देल्लं अन् नाव बी नाही टाकलं?" नाव होतं, मी म्हटलं, पण ते कोण वाचतं?

ताई ओळ लिहायच्या, मी ती बांधायचे. बांधायचं म्हणजे कुठली फाइल कुठे जाईल, कुणाला काय लागेल, कोण कुणावर टेकून उभं आहे, हे सगळं लावून त्याचं एक गाठोडं करायचं, की कुणीही एका हुकमात ते आपल्या यंत्रावर बसवावं. हे त्यांनीच मला शिकवलं. आणि शिकवताना सर्वात जास्त वेळ घालवला तो आकड्यावर. सामायिक वस्तूच्या नावापुढे आकडा असतो. आतली दुरुस्ती केली, चूक काढली, वेग वाढवला, तर आकडा तोच राहतो. पण लोक ज्या हाकेने तिला बोलावतात ती हाकच बदलली, काही काढून टाकलं, तर आकडा बदलायचा. म्हणजे जुन्या सवयीने येणाऱ्याला दारातच कळतं, की ही ती नव्हे.

"दुरुस्ती गुपचूप करावी," ताई म्हणायच्या. "मोडतोड सांगून करावी. माणसं नेमकं उलटं करतात."

मी दारव्ह्याहून पुण्याला आले, माझ्यात काय काय बदललं. बोलणं बदललं, केस बदलले, जेवायच्या वेळा बदलल्या. तरी माय फोनवर "काय वं सुजा" म्हणाली की आतून तीच जुनी सुजाता उत्तर द्यायची. तेव्हा वाटायचं, माझा आकडा अजून तोच आहे.

तो फाल्गुन आला तेव्हा ताईंच्या पोटातलं दुखणं पसरलं होतं. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगून झालं होतं. खिडकीपाशी त्यांची खुर्ची, पाठीशी गरम पाण्याची पिशवी, मांडीवर उशी आणि उशीवर कीबोर्ड. समोरच्या इमारतीच्या कडेने वर आलेल्या पिंपळाची पानं गळून गेली होती आणि नवी, तांबूस, ओली वाटणारी पानं फुटत होती. ताई ती पानं बघत टाइप करायच्या. पडद्याकडे बघायची गरज त्यांना कमीच पडायची.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. ओळीची तिसरी आवृत्ती, ओळ-३, या संचात जायला हवी होती. सगळीकडे चालत होती ती ओळ-२, त्यांच्या तरुणपणी लिहिलेली, त्यांच्याच शब्दांत 'ठिगळांची गोधडी'. तिसरी त्यांनी मुळापासून नव्याने लिहिली होती. आधी अडखळणाऱ्या कितीतरी लिप्या तिच्यात सुरळीत चालत. ती वाचताना मला सकाळी झाडून काढलेल्या अंगणाची आठवण व्हायची. दार लागायच्या आत ती आत गेली असती, तर पुढची काही वर्षं गावोगावच्या यंत्रांवर तीच असती, आणि ताईंनी ते पाहिलं असतं. पुढच्या दाराची वाट बघायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

आमच्यात एक रीत आहे. आकडा बदलायचा तर तुमच्यावर टेकलेल्या प्रत्येकाला आधी विचारायचं. प्रत्येक प्रोग्राम सांभाळणाऱ्याला लिहायचं, नव्यावर येण्यासाठी काय करावं लागेल ते सांगायचं, जमलं तर तेवढी दुरुस्ती आपणच करून द्यायची, आणि उत्तराची वाट बघायची. त्या हिवाळ्यात मी हेच करत होते. उत्तरं येत होती. कुणी आभार मानले, कुणी कुरकुर केली, कुणी एका शब्दात हो म्हटलं. एकेक करून सगळे नव्या आवृत्तीवर आले. राहिला एक.

तो एक म्हणजे ब्रेल छापणारा लहानसा प्रोग्राम. सांगलीकडच्या एका अंधशाळेतले पाटील सर तो सांभाळायचे. मेलला उत्तर येईना, म्हणून फोन लावला. ताईंनी खूण केली, तशी मी तो स्पीकरवर टाकला.

"अहो मॅडम, तुमची मेल बघितली मी," सर म्हणाले. मागे कुठेतरी ब्रेल छापायचं यंत्र खडखडत होतं. "पण आमच्या पोरांच्या परीक्षा तोंडावर आल्यात. सगळ्या प्रश्नपत्रिका ह्याच्यावरनं निघत्यात. आत्ता त्याला हात लावू नका."

"सर, बदल मी करून देते. तुम्ही फक्त तपासा."

"मी डोळस माणूस. मी कसा तपासणार? ब्रेलची ओळ चुकीच्या ठिकाणी तुटली तर ती डोळ्यांना सहज दिसत नाही हो. तपासायला बोटं लागतात. आणि ती बोटं आत्ता परीक्षा देताहेत."

ताई खुर्चीतून म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं."

"कोण बोलतंय?"

"ओळवाली."

सर म्हणाले, "नमस्कार बाई. तुमच्यामुळं आमची पोरं लिहितात, वाचतात." ताईंनी नुसते हात जोडले, जणू सरांना ते दिसणारच होते.

मला वाटलं, वाट आहे. दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवू. नावात आकडे वेगळे असले की तसं ठेवता येतं. आकड्यांचा उपयोगच तो. ब्रेलवाला दुसरी वापरेल, बाकी सगळे तिसरी. मी दोन्ही बसवल्या आणि सरांकडची एक जुनी प्रश्नपत्रिका साध्या कागदावर ठिपक्यांत छापायला दिली. विनायकरावांनी आणलेलं ताक टेबलावर तसंच राहिलं. छापून आलेलं पान आम्ही टिंब टिंब मोजून वाचलं. पहिल्या काही ओळी बरोबर होत्या. मग एक प्रश्न मधेच तुटला होता आणि त्याचं शेपूट पुढच्या प्रश्नाला चिकटलं होतं. कुठेही तक्रार नाही, कुठे चूक झाल्याची सूचना नाही.

आधी ताईंच्या लक्षात आलं. त्या हसल्या, मग हसणं पोटात दुखलं म्हणून थांबल्या.

"डबे दोन आहेत," त्या म्हणाल्या. "डब्यांवर आकडे मी घातलेत. आतल्या पुड्यांवर घातले नाहीत."

ते असं होतं. ब्रेलवाला स्वतः ओळ-२ वापरायचा, पण तो ज्या आणखी एका भागाची मदत घ्यायचा तो भाग आता ओळ-३ वर आला होता. म्हणजे एकाच वेळी दोन्ही डबे एकाच ओट्यावर उघडले जात होते. आतल्या पुड्यांची नावं दोन्हीकडे सारखीच. एकाने मागितलेली पुडी दुसऱ्याच डब्यातून निघत होती. आतल्या प्रत्येक नावावरही आवृत्तीचा शिक्का मारता येतो. आज कुणी नवशिकाही तो मारतो. ताईंनी सुरुवात केली तेव्हा मारला नव्हता.

"का नाही मारला?" मी विचारलं.

"दुसरी आवृत्ती येईल असंच कुठे वाटलं होतं? तिसरीचं तर सोड. त्या वयात आपण केलेलं शेवटचंच वाटतं."

शिक्का आता मारायचा, तर जुन्यावर टेकलेलं सगळं पुन्हा बांधायचं, पुन्हा तपासायचं. म्हणजे पुन्हा तीच बोटं. आणि दार लागायला आलं होतं.

एक वाट तरीही उरली होती. संच बाहेर काढणाऱ्या मंडळींनी स्वतःच ती सुचवली होती. एकटा मागे राहिलेला प्रोग्राम या खेपेपुरता वगळता येतो. नियमात बसतं. ब्रेलवाला बाहेर, ओळ-३ आत. मी तो निरोप ताईंना वाचून दाखवला. आवाज शक्य तितका साधा ठेवला. मला ते हवं होतं. मला ते फार हवं होतं.

"नको," ताई म्हणाल्या.

"ताई, सर त्यांच्या यंत्रावर जुनंच ठेवू शकतात. त्यांचं काही अडणार नाही."

"त्यांचं नाही अडणार. दुसऱ्या गावातल्या शाळेने नवा संच बसवला आणि त्यात ब्रेल नसलं, तर ते कुणाला फोन करणार? त्यांना तुझा नंबर माहितेय?"

"पण थोडेच लोक आहेत ते."

"हो ना. थोडेच आहेत. म्हणून तर."

बाहेर कुणीतरी कागदाचे गठ्ठे हातगाडीवर आदळत होतं.

"तिसरी पुढच्या खेपेला जाईल," त्या म्हणाल्या.

"पुढच्या खेपेला तुम्ही..."

"हो. मला तारखा कळतात."

मग आतल्या दिशेने आवाज दिला, "अहो, हिला काहीतरी खायला द्या. रडायच्या बेतात आहे, उपाशीपोटी बरं दिसत नाही."

विनायकराव उपम्याची बशी घेऊन आले. माझ्यापुढे ठेवली आणि ताईंच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल त्यांनी सरळ केला. तो सरळच होता.

ओळ-३ मागे घेतल्याची आणि सगळ्यांना पुन्हा ओळ-२ वर आणल्याची नोंद मीच केली. खाली ताईंनी एक वाक्य लिहायला सांगितलं : 'एकाची तयारी नाही, म्हणून थांबलो.' दूरदेशीच्या कुणीतरी त्यावर विचारलं, एकासाठी? ताईंनी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी त्यांना बसवत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. पिंपळाची पानं तांबडी होती ती हिरवी झालेली आठवतात. कलिंगडाच्या राशी आठवतात. ताईंना दोन घोट तरी जातील म्हणून मी उसाचा रस न्यायचे, बर्फाशिवाय. त्या ओठ ओले करून म्हणायच्या, "छान आहे," आणि पेला मला द्यायच्या. सांगलीहून सरांचा फोन आला, परीक्षा पार पडल्या, सगळ्या प्रश्नपत्रिका नीट निघाल्या. हे सांगितलं तेव्हा ताई डोळे मिटून होत्या. त्यांनी मान हलवली. ऐकलं असावं. मी ते ऐकलं असंच धरून चालते.

वैशाखात त्या गेल्या. संच त्यानंतर बाहेर पडला.

त्या गेल्या त्या रात्री... नाही, रात्री नव्हे, सकाळीच मी मायला फोन केला होता. माय म्हणाली, "रड माय, रड. अशा बाईसाठी नाही रडशील तं कोनासाठी रडशील?" ताईंना तिने कधी पाहिलं नव्हतं. मीच कितीसं पाहिलं होतं! जगभरातून जी पत्रं आली त्यांतल्या बहुतेकांनी तर त्यांचा आवाजही ऐकला नव्हता. एकाने लिहिलं होतं, की माझ्या चुका त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही चारचौघांत दाखवल्या नाहीत, आणि एकदाही सोडल्या नाहीत. मी ते पत्र विनायकरावांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "घरीही तसंच होतं. फक्त इथे चारचौघं नव्हते, एवढंच."

आपल्याकडे शोक करायच्या रीती आहेत. माणसं येतात, बसतात, जेवण पाठवतात. आमच्या या दुसऱ्या घरात तशी काही रीत नाही. तिथे शोक करायचा तर काम करायचं. मी आतल्या सगळ्या नावांवर शिक्के मारले, दुसरीच्याही आणि तिसरीच्याही. तिसरीत माझ्यासारखे आणखी काही जण हात घालू लागले. कुणी एक लिपी वाढवली, कुणी एक कोपरा बदलला. ती चांगली होत गेली आणि हळूहळू थोडी कमी ताईंची होत गेली. हे व्हायचंच होतं. सगळ्यांची वस्तू म्हटल्यावर आणखी काय होणार! पण एखाद्या सकाळी त्यांच्या वळणाचं वाक्य शोधत मी पानंच्या पानं खाली सरकत जायचे आणि मला ते सापडायचं नाही.

यंदा पाटील सरांनी आपणहून फोन केला. त्यांच्या शाळेतल्या एक शिक्षिका, स्वतः बोटांनीच वाचणाऱ्या, नव्या छपाईची पानं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सर त्यांना विचारत होते, "काय, कसं वाटतंय?" आणि त्या मागून ओरडून म्हणाल्या, "सांगा त्यांना, कुठं अडखळत नाही." सगळे तिसरीवर आले होते. आता मागे राहिलेलं कुणी नव्हतं. दार लागायच्या पुरेसं आधी ओळ-३ आत गेली.

सांगायला नारायण पेठेत गेले. विनायकराव आता सावकाश चालतात. दार उघडायला वेळ लागला.

"आत गेली का?" त्यांनी दारातच विचारलं.

"गेली."

"बरं झालं." ते बसले. मीही बसले. खिडकीतला पिंपळ आता चांगलाच वर आला आहे. ते म्हणाले, "तिला सांगायला पाहिजे होतं." मी हो म्हटलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मग जुनीचं काय होतं आता?"

"काढून टाकतात, काका."

"दुसरी ना? ती तिने एकटीनेच लिहिली होती. लग्न झालं तेव्हा लिहीत होती. मी म्हणायचो, जेवायला चल, तर म्हणायची, एवढी ओळ होऊ दे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काढायलाच लागते का?"

काढायलाच लागते. दुरुस्त करणारं कुणी उरलं नाही की जुनी वस्तू आत ठेवणं धोक्याचं असतं. हे मला ताईंनीच शिकवलं आहे. आणि काढून टाकण्याची विनंती तिचं गाठोडं बांधणाऱ्यानेच करायची असते. म्हणजे मीच.

काल दुपारी ती करायला बसले. विनंतीत कारण द्यावं लागतं. मी लिहिलं, 'जुनी झाली.' हे कारण चालत नाही, जुन्या वस्तू कितीतरी असतात. मी लिहिलं, 'नवी आवृत्ती आली आहे.' तेही पुरत नाही. ज्या एका कारणाने वस्तू खरोखर काढता येते, ते सगळ्यांसाठी एकच आहे आणि त्याचे शब्दही ठरलेले आहेत. मग ते टाइप केलं : 'ओळ-२ वर आता कोणीही अवलंबून नाही.'

अशी विनंती आली की यंत्र आधी ती खरी आहे का ते पाहतं. सगळा संच धुंडाळतं, एकेका प्रोग्रामला विचारतं, कुणी अजून हिच्यावर टेकलेलं आहे का. मी पडद्याकडे बघत राहिले. असावं कुणीतरी, असं मला वाटत होतं. एखादा तरी निघावा.

उत्तर आलं. तपासलं, विनंती बरोबर आहे. कोणीही नाही.